केसांची गोळी आणि थायरॉईडचा रिपोर्ट

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आपण बायका काय करतो? आधी नाव-वय आपलंच आहे ना ते बघतो आणि मग थेट ठळक छापलेले आकडे शोधतो. ठळक म्हणजे काहीतरी बिघडलंय! शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा बघायची, आपला आकडा वर गेलाय की खाली ते पाहायचं आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत रात्रभर तळमळायचं.

जोगेश्वरी पूर्वेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका लहानशा लॅबमध्ये मी बावीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. मजासवाडी, मेघवाडी, श्यामनगर, गुंफा रोड, सगळीकडून बायका येतात. रिपोर्ट आणि तब्येत यांचा मेळ बसत नाही असं मी कधी म्हटलं, की हमखास एक प्रश्न येतो, ‘मॅडम, मशीनवर काढलंय ना? मग चुकेल कसं?’

प्रश्न रास्त आहे. मशीन बहुतेक वेळा चुकत नाही. त्याला जे मोजायला शिकवलंय ते ते इमानेइतबारे मोजतं. पण कधीकधी आपल्याच रक्तात अशी एखादी गोष्ट असते, की ती या मोजणीत मध्येच तोंड घालते. आमच्या भाषेत याला ‘इंटरफिअरन्स’ म्हणतात. आपण सरळ ‘लुडबूड’ म्हणू या. ही लुडबूड कशी होते, हे प्रत्येक बाईला थोडंफार ठाऊक असायला हवं. कारण तिच्यापायी नसलेल्या आजाराची औषधं घ्यावी लागलेल्या बायका जगात आहेत. काहींच्या तर पोटावर सुरी फिरली आहे.

समुद्रातला एक मासा

प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, दूध आठवतं. पण थायरॉईडचं टीएसएच, प्रोलॅक्टिन, दिवस राहिलेत का ते सांगणारं एचसीजी, हृदयाच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि आपल्या ओळखीचं हिमोग्लोबिन, ही सगळी प्रथिनंच. म्हणजे बायकांच्या नेहमीच्या तपासण्यांपैकी निम्म्याअधिक या प्रथिनं मोजण्याच्याच असतात.

त्यातली काही रक्तात इतकी थोडी असतात, की विचारू नका. एक लिटर रक्तद्रवात सगळी मिळून ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं असतात. गरोदर नसलेल्या बाईचं प्रोलॅक्टिन मात्र त्याच एका लिटरात साधारण २५ मायक्रोग्रॅमच्या आत, म्हणजे एका ग्रॅमच्या चाळीस हजाराव्या भागापेक्षाही कमी! एवढ्या गर्दीतून नेमकं तेच वेचून काढायचं तर गळ तसाच हवा. तो गळ म्हणजे अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंड. एक अँटिबॉडी एकाच प्रथिनाला धरते, हा तिचा गुण.

ही युक्ती शोधणारी शास्त्रज्ञ एक बाई होती, हे सांगताना मला फार बरं वाटतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९२१ साली जन्मलेल्या रोझॅलिन यॅलो. पदार्थविज्ञान शिकून त्या पुढे ब्राँक्सच्याच एका इस्पितळात डॉ. सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर काम करू लागल्या. त्या काळी मधुमेहींना गाई-डुकरांपासून काढलेलं इन्सुलिन टोचत. या दोघांच्या लक्षात आलं, की ते टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात त्या इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होते. तेव्हाच्या तज्ज्ञांना हे पटेना. १९५०च्या दशकात त्यांचा लेख एका नावाजलेल्या नियतकालिकानं परत पाठवला. शेवटी मथळ्यातून ‘अँटिबॉडी’ हा शब्द काढला, तेव्हा कुठे तो छापला गेला. पण याच अँटिबॉडीचा गळ करून त्यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजून दाखवलं. १९७७ मध्ये यॅलोबाईंना नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. लेख नाकारणारं ते पत्र बाईंनी जपून ठेवलं होतं आणि नोबेलच्या भाषणात ते जगाला दाखवलंही!

आज आमच्याकडे होणाऱ्या बहुतेक हार्मोनच्या तपासण्या या युक्तीच्याच लेकी-नाती आहेत. आणि गंमत अशी, की जिच्या जोरावर ही पद्धत उभी राहिली ती माणसाच्या रक्तातली अँटिबॉडीच कधीकधी हिच्यात खो घालते. ते पुढे सांगतेच. आधी केसांच्या गोळीची गोष्ट.

‘ते काय औषध आहे?’

मेघवाडीतली एक मुलगी, वय एकोणतीस, सीप्झमध्ये नोकरी. बाळंत होऊन सात महिने झालेले. रूटीन म्हणून एका लॅबमध्ये थायरॉईड तपासला, तर टीएसएच अगदी तळाला आणि टी-३, टी-४ दोन्ही वर. म्हणजे पुस्तकातल्यासारखा वाढलेला थायरॉईड. डॉक्टरांनी गोळ्या सुरू करायचं म्हटलं, पण त्याआधी एकदा दुसरीकडे खात्री करून घ्या असंही सांगितलं. म्हणून ती माझ्याकडे आली. सोबत सासूबाई आणि कडेवर बाळ.

सासूबाईंनी बसल्या बसल्याच सुरुवात केली, ‘अहो मॅडम, थायरॉईड वाढला की माणूस वाळतो ना? आमच्या जाऊबाई नुसत्या काटकी झाल्या होत्या. हात थरथरायचे, पंख्याखाली घाम फुटायचा. ही तर चांगली अंगानं भरलीय!’

सासूबाईंचं निरीक्षण एखाद्या अनुभवी डॉक्टरला शोभेल असं होतं. मी नाडी पाहिली, ७२. हाताला कंप नाही, धडधड नाही, झोप बाळ देईल तेवढी. तरीही नुसत्या लक्षणांवर रिपोर्ट उडवून लावता येत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींच्या थायरॉईडला खरोखरच सूज येते आणि काही काळ आकडे असेच दिसतात. म्हणून मी विचारलं,

‘केसांसाठी काही घेतेस का गं?’

‘केस फार गळतात म्हणून गोळी घेते. पण ते काय औषध आहे? व्हिटॅमिनच आहे ते.’

पर्समधून पाकीट निघालं. बायोटिन, १० मिलिग्रॅम, रोज एक. आमचं मशीन ज्या पद्धतीनं चालतं तिच्यात बायोटिनचा वापरच नाही. त्यावर तिचं टीएसएच, टी-३, टी-४ तिन्ही व्यवस्थित आले. तिच्या डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवली आणि आठवड्याभरानं पहिल्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तिथलेही आकडे जागेवर! थायरॉईडची गोळी सुरू करायची वेळ आलीच नाही.

बायोटिन हे ब गटातलं एक जीवनसत्त्व. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते रोजच्या जेवणातून मिळतं. केसांच्या-नखांच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम असतं. १० मिलिग्रॅम म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त! शरीराला त्याचा त्रास होत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. त्रास होतो तो मशीनला.

कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात अॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिनला घट्ट धरून ठेवतं. त्याचं एक भावंड जिवाणूंमध्ये सापडतं, त्याचं नाव स्ट्रेप्टॅव्हिडिन. या जोडीची पकड इतकी जबर, की किट बनवणाऱ्यांनी तिचा गोंदासारखा उपयोग केला. गळाच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या शेपटाला बायोटिन लावायचं आणि जिथे तो अडकवायचा तिथे स्ट्रेप्टॅव्हिडिन.

आता आपली सकाळची चर्चगेट लोकल डोळ्यांसमोर आणा. लेडीज डबा जोगेश्वरीला येतो तेव्हा खिडक्या, चौथी सीट, सगळं बोरिवली-मालाडहून भरून आलेलं असतं. तुम्ही कितीही वेळेवर आलात तरी बसणार कुठे? तसंच इथे होतं. गोळीतलं मोकळं बायोटिन रक्ताबरोबर येतं आणि स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा आधीच अडवून बसतं. टीएसएच पकडलेला गळ येतो तेव्हा त्याला टेकायला जागाच नसते. पुढच्या धुण्यात तो वाहून जातो आणि मशीन सांगतं, टीएसएच कमी आहे. टी-३ आणि टी-४ हे रेणू लहान, त्यांची मोजायची रीत उलटी. तिथे जागा अडल्या की आकडा वर जातो. एकच गोळी, आणि एकाच वेळी एक आकडा खोटा खाली, दोन खोटे वर. वाढलेल्या थायरॉईडचं हुबेहूब सोंग!

प्रश्न फक्त थायरॉईडचा असता तर आठवडाभर थांबून भागलं असतं. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला, तो एका मृत्यूची नोंद झाल्यावर. बायोटिनचा मोठा डोस घेणाऱ्या त्या रुग्णाचं ट्रोपोनिन खोटं कमी आलं होतं. ट्रोपोनिन कमी म्हणजे हृदयाला धक्का नाही, असा अर्थ निघतो! २०१९ मध्ये हा इशारा पुन्हा दिला गेला. त्यानंतर बऱ्याच किटमध्ये सुधारणा झाली, पण कोणत्या लॅबमध्ये कोणतं किट आहे ते आपल्याला कुठे माहीत असतं?

गळच गळाला लागतो तेव्हा

आता त्या अँटिबॉडीकडे वळू. किटमधल्या अँटिबॉडी बऱ्याचदा उंदरांच्या पेशींपासून तयार करतात. काही माणसांच्या रक्तात अशा परक्या अँटिबॉडीलाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतात. प्राण्यांशी सतत संबंध, पूर्वी चढवलेलं रक्त, संधिवात अशी कारणं असू शकतात, पुष्कळदा कारण सापडतही नाही. अशी अँटिबॉडी दोन गळांना परस्परच जोडून टाकते. मध्ये मासा नाही, तरी मशीनला वाटतं मासा लागला.

अमेरिकेत सिअॅटल इथे १९९८ मध्ये बावीस वर्षांच्या एका तरुणीच्या बाबतीत हेच घडलं. पाळी अनियमित म्हणून तपासणी झाली, एचसीजी वाढलेलं आलं. गर्भ तर नाही, मग एचसीजी कुठून येतंय? वारेच्या पेशींचा कर्करोग असावा, असा निष्कर्ष निघाला. केमोथेरपी झाली, आकडा हलेना. गर्भाशय काढलं, तरी हलेना. फुप्फुसाचा भागसुद्धा काढला. कर्करोग कधी नव्हताच. तिच्या रक्तातली अँटिबॉडी त्या तपासणीत लुडबूड करत होती. २००१ मध्ये ज्युरीनं तिला सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. पण गेलेलं गर्भाशय काही परत येत नाही.

ती एकटी नव्हती. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा बारा स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांतल्या बहुतेकींवर नको असलेली शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी झालेली होती. आणि हे ओळखायचा एक उपाय किती साधा! खरं एचसीजी लघवीत उतरतं, ही लुडबुडी अँटिबॉडी आकारानं मोठी असल्यामुळे लघवीत उतरत नाही. रक्तात पॉझिटिव्ह आणि लघवीत निगेटिव्ह आलं, की शंका घ्यायची. औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी जे सांगू शकली असती, त्यासाठी एका मुलीनं केवढी किंमत मोजली!

आपल्याकडे नेहमी दिसणारं उदाहरण म्हणजे प्रोलॅक्टिन. पाळी पुढे-मागे होते किंवा मूल राहत नाही, म्हणून ते तपासतात. काही जणींच्या रक्तात प्रोलॅक्टिनला त्यांचीच अँटिबॉडी चिकटून मोठी मोळी तयार झालेली असते. तिला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. मशीन ते मोजतं, आकडा वाढलेला दिसतो, पण ही मोळी शरीरात फारसं काम करत नाही. ओळखली नाही तर मेंदूचा एमआरआय, महिनोन् महिने गोळ्या आणि घरात ‘डोक्यात गाठ तर नसेल?’ ही धास्ती. वास्तविक त्याच नमुन्यात एक रसायन घालून ही मोळी खाली बसवता येते आणि उरलेलं खरं प्रोलॅक्टिन मोजता येतं. प्रोलॅक्टिन वाढलंय पण पाळी नियमित आहे, अंगावर दूध येत नाही, अशा वेळी ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन बघायचं का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा.

ॲनिमिया आणि तीन महिन्यांची साखर

केसांची गोळी न घेणाऱ्या बायकांनी निश्चिंत व्हायचं कारण नाही. साखरेची ‘तीन महिन्यांची’ तपासणी, एचबीए-वन-सी, ही हिमोग्लोबिन या प्रथिनावरच होते. त्याला किती साखर चिकटली ते बघतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण पेशींचं वयच बदललं तर? लोहाची कमतरता असली की हा आकडा साखर न वाढताही थोडा वर दिसू शकतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की नव्या पेशी येतात आणि आकडा उतरतो. मग बाई म्हणते, ‘बघा, कारल्याच्या रसानं साखर उतरली!’

२०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त जणींना ॲनिमिया आढळला. म्हणजे ही गोष्ट घरोघरची आहे. थॅलेसेमिया मायनर किंवा सिकलसेलचा वारसा असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, दिवस गेलेले असतील, तरी या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये. गरोदरपणात साखरेसाठी ग्लुकोज पाजून रक्त तपासतात, ते उगाच नाही. हिमोग्लोबिनच्या अशा वेगळ्या प्रकारांवर परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था वर्षानुवर्षं काम करते आहे, हे आपल्या मुंबईचं भाग्य.

काही लुडबूड तर निव्वळ रक्त काढताना होते. दंडाला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला, की पाणी शिरेबाहेर झिरपतं आणि प्रथिनांचा आकडा फुगतो. झोपून दिलेल्या रक्तापेक्षा उभ्यानं वावरल्यावर लगेच दिलेल्या रक्तात प्रथिनं दहाएक टक्के जास्त भरू शकतात. ज्या हातात सलाईन चालू आहे त्याच हातातून काढलं, तर पातळ झालेलं रक्त येतं. आणि ओढाताणीत तांबड्या पेशी फुटल्या तर रक्तद्रव गुलाबी दिसतो, बरेच आकडे बिघडतात. म्हणून लॅबमधून फोन आला, ‘सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत येता का?’ तर चिडू नका. चुकीचा आकडा छापून देण्यापेक्षा त्यांनी तुम्हाला बोलावलं, हा त्यांचा चांगुलपणा समजा.

मग करायचं काय?

रक्त द्यायला जाताना घेत असलेलं सगळं सांगा. डॉक्टरांनी दिलेलं, मैत्रिणीनं सुचवलेलं, जाहिरात बघून मागवलेलं, सगळं. पाकिटावर बायोटिन आहे का ते वाचा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणि गोड गोळ्यांच्या रूपातही ते असतं. केसांसाठीची गोळी थायरॉईडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. डोस मोठा असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर जास्त दिवस लागतात. पण डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी बायोटिन दिलं असेल तर परस्पर थांबवू नका, आधी विचारा. छातीत दुखून कोणाला कॅज्युअल्टीत न्यावं लागलं तर तिथे थांबायला वेळ नसतो. तेव्हा गोळ्यांचं पाकीट सोबत न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या.

आकडा आणि तब्येत यांचा मेळ बसत नसेल तर तीन गोष्टी मागता येतात. नवा नमुना, वेगळ्या पद्धतीच्या मशीनवर तपासणी आणि रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरशी दोन मिनिटं बोलणं. ऑपरेशन किंवा जन्माची गोळी एकाच आकड्यावर ठरत असेल, तर हे मागायचा संकोच मुळीच नको. मात्र हे वाचून ‘रिपोर्ट खोटेच असतात’ म्हणत चालू असलेली औषधं कोणी बंद करू नका. बहुसंख्य रिपोर्ट बरोबरच असतात. लुडबूड क्वचित होते, म्हणूनच ती नजरेतून सुटते.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर आम्ही एक ओळ वाढवली आहे, ‘केस, नखं, त्वचा यांसाठी काही घेता का?’ बहुतेक बायका ती कोरी सोडतात. बीपीची, साखरेची गोळी आठवणीनं लिहितात, पण स्वतःच्या केसांसाठी, आपल्या आवडीनं घेतलेल्या गोष्टीची नोंद करायला त्यांना अवघडल्यासारखं होतं. लाजू नका, मैत्रिणींनो. केस गळतात सगळ्यांचेच. त्या ओळीवर गोळीचं नाव लिहायला अर्धं मिनिट लागतं.